वाइल्डर पेनफील्ड

वाइल्डर ग्रेव्हज पेनफील्ड (२६ जानेवारी १८९१, स्पोकेन – ५ एप्रिल १९७६, माँट्रियल) हे अमेरिकेत जन्मलेले कॅनेडियन मेंदूशल्यचिकित्सक होते. मेंदूच्या प्रेरक बाह्यकाचा कोणता भाग कोणत्या स्नायूंचे नियंत्रण करतो, हे दाखवणाऱ्या नकाशासाठी ते ओळखले जातात.

जीवन

प्रिन्स्टन विद्यापीठानंतर ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ते ऑक्सफर्डला गेले आणि चार्ल्स शेरिंग्टन यांच्याकडे त्यांनी तंत्रिकातंत्राचा अभ्यास केला. १९१८ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून त्यांनी वैद्यकाची पदवी घेतली. १९२८ मध्ये ब्रेस्लाऊ येथे ओटफ्रिड फोर्स्टर यांच्याकडून त्यांनी अपस्मारावरील शस्त्रक्रियेचे तंत्र आत्मसात केले. त्याच वर्षी माँट्रियलला आल्यावर त्यांनी स्वतःच्या बहिणीच्या, रूथच्या, मेंदूतील गाठीवर शस्त्रक्रिया केली. गाठ पूर्णपणे काढता आली नाही व काही वर्षांतच रूथचे निधन झाले. १९३४ मध्ये रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने त्यांनी माँट्रियल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूट स्थापन केली.

संशोधन

विद्युतप्रवाहाने बाह्यक उद्दीपित केल्यास स्नायू हालतात, हे फ्रिट्श व हिट्झिग यांनी १८७० मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांतून दाखवले होते. पेनफील्ड यांच्यापुढील प्रश्न शल्यचिकित्सकाचा होता : अपस्माराचे मूळ असलेला भाग काढताना रुग्णाचा हात किंवा वाचा गमावू नये. मेंदूला स्वतःला वेदना होत नसल्याने केवळ स्थानिक भूल देऊन रुग्णाला जागे ठेवता येई. पेनफील्ड सौम्य विद्युतप्रवाहाने एकेक बिंदू उद्दीपित करत, प्रतिसाद नोंदवत आणि त्या जागी क्रमांकाची चिठ्ठी ठेवत.

एडविन बोल्ड्री यांच्यासह १९३७ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मेंदूच्या प्रत्येक गोलार्धात पायाचे क्षेत्र माथ्याकडे, त्याखाली हाताचे, त्याखाली चेहऱ्याचे व जिभेचे आढळते. ही क्षेत्रे मुख्यतः शरीराच्या विरुद्ध बाजूचे नियंत्रण करतात. हात व ओठ यांच्या हालचाली सूक्ष्म असल्याने त्यांची क्षेत्रे मोठी असतात. त्या प्रमाणात काढलेली विचित्र मानवाकृती ‘होमन्क्युलस’ नावाने पाठ्यपुस्तकांत रूढ झाली.

उद्दीपनाने हात हालला, तरी तो आपण हालवला नाही, असे रुग्ण सांगत. त्यामुळे मन व मेंदू यांच्या संबंधाचा प्रश्न पेनफील्ड यांना अखेरपर्यंत विचारात पाडत राहिला.

वारसा

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार पाय, हात व तोंड यांच्या क्षेत्रांदरम्यान संपूर्ण शरीराच्या कृतींचा समन्वय साधणारे भागही असतात. त्यामुळे मूळ नकाशात सुधारणा सुचवली गेली आहे. मात्र जागृत रुग्णाच्या मेंदूवरील उद्दीपनाची पद्धत आजही शस्त्रक्रियांमध्ये वापरली जाते.