‘१९८४’ वर प्रोजेक्ट करायचाय? मग आधी ऑर्वेलचं आयुष्य बघा, त्यात एक पुणेरी धागाही सापडतो

संध्याकाळी वारज्याच्या हायवे पुलाखालून माळवाडीकडे चालत निघा आणि फक्त कॅमेरे मोजा. सिग्नलचा एक, एटीएमचा एक, मेडिकलवाल्याचा एक, सोसायटीच्या गेटवरचे दोन. घरात शिरेपर्यंत हाताची बोटं संपतात. शिवाय आपण कुठून कुठे गेलो याची नोंद खिशातला फोन ठेवत असतो, ती वेगळीच.

आता समजा याच वारज्यातल्या एखाद्या पोराला किंवा पोरीला कॉलेजात जॉर्ज ऑर्वेलची ‘१९८४’ ही कादंबरी अभ्यासाला आहे. शेवटच्या सबमिशनला सर म्हणतात, काहीतरी क्रिएटिव्ह करून आणा. मग काय येतं? काळ्या कागदावर मोठा डोळा आणि खाली लाल अक्षरं. नाहीतर रोबोट, उडत्या गाड्या आणि उद्ध्वस्त शहर.

गंमत म्हणजे ‘१९८४’ मध्ये रोबोट नाही आणि उडत्या गाड्याही नाहीत. त्यात सरकारी ऑफिस आहे, कँटीनचं बेचव जेवण आहे, रेशन आहे आणि जुनी वर्तमानपत्रं बदलून लिहिणारा विन्स्टन स्मिथ नावाचा कारकून आहे. डिस्टोपिया म्हणजे असा समाज, जिथे सगळं शिस्तीत चाललंय असं सांगितलं जातं, पण माणसाला मोकळा श्वास घेता येत नाही.

हे सगळं ऑर्वेलला सुचलं कुठून? यातलं बरंचसं त्याने आधी पाहिलेलं होतं आणि काही तर स्वतःच्या हाताने केलेलं होतं. म्हणून त्याचं आयुष्य एकदा नीट बघितलं, की प्रोजेक्टच्या आयडिया आपोआप सापडत जातात.

मोतिहारीत जन्म, ब्रह्मदेशात पोलिसाची नोकरी

ऑर्वेलचं खरं नाव एरिक आर्थर ब्लेअर. जन्म २५ जून १९०३, बिहारमधल्या मोतिहारीत. वडील ब्रिटिश सरकारच्या अफू खात्यात नोकरीला. एरिक वर्षाचा असताना आई त्याला घेऊन इंग्लंडला गेली. पुढे स्कॉलरशिपवर तो ईटन या नामवंत शाळेत शिकला. तिथे काही काळ त्याला फ्रेंच शिकवायला होते आल्डस हक्सली, ज्यांनी नंतर ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ ही दुसरी गाजलेली डिस्टोपियन कादंबरी लिहिली.

ईटनची बहुतेक पोरं पुढे ऑक्सफर्ड-केंब्रिजला जायची. एरिक मात्र वयाच्या १९ व्या वर्षी इंडियन इम्पीरियल पोलिसात भरती झाला आणि १९२२ मध्ये ट्रेनिंगसाठी मंडालेला पोहोचला. हे तेच मंडाले, जिथल्या तुरुंगात १९१४ पर्यंत लोकमान्य टिळक होते. टिळक सुटल्यावर आठ वर्षांनी हा पोरगा तिथे पोलिसाचा गणवेश घालून उतरला, तोही ज्यांनी टिळकांना आत टाकलं त्यांच्या बाजूने.

पाच वर्षं त्याने ही नोकरी केली. साम्राज्य चालतं कसं, हे त्याने आतून बघितलं. १९२७ मध्ये रजेवर घरी आला आणि राजीनामा देऊन मोकळा झाला. आपण जुलमाच्या यंत्रातला एक खिळा होतो, ही टोचणी मात्र आयुष्यभर गेली नाही.

इथे पहिली आयडिया मिळते. डिस्टोपियावरच्या प्रोजेक्टमध्ये सगळे पीडिताची डायरी लिहितात. तुम्ही यंत्रणा चालवणाऱ्याची लिहा. पाळत ठेवणारा शिपाई, फाईल बंद करणारा कारकून, कॅमेऱ्यासमोर रात्रपाळी करणारा माणूस. तो वाईट नाही, त्याला घरभाडं भरायचंय. अशा माणसाचे सात दिवस लिहून काढले, तर कादंबरी तुम्हाला किती समजली हे वेगळं सांगावं लागत नाही.

गळ्यातून गोळी गेली, पण खरी जखम बातम्यांनी केली

नोकरी सोडल्यावर तो पॅरिसमध्ये हॉटेलात भांडी घासत होता, लंडनमध्ये बेघर लोकांसोबत राहत होता. त्यावर १९३३ मध्ये पुस्तक आलं आणि एरिक ब्लेअरचा जॉर्ज ऑर्वेल झाला. १९३६ मध्ये त्याने आयलीन ओ’शॉनेसीशी लग्न केलं.

आयलीनबद्दल एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. १९३४ मध्ये तिच्या शाळेला ५० वर्षं झाली. त्या निमित्ताने तिने एक कविता लिहिली, शाळेच्या शंभरीच्या वर्षात जग कसं असेल यावर. ते वर्ष होतं १९८४. तुम्हीही आजपासून ५० वर्षांनंतरच्या वारज्यावर एक कविता, एक नकाशा किंवा एक साधी नोटीस करू शकता. मुठा नदीचं काय झालेलं असेल, डुक्कर खिंडीची टेकडी उरली असेल का, आणि त्याबद्दल बोलायची परवानगी असेल का?

१९३६ च्या अखेरीस ऑर्वेल स्पेनला गेला. तिथे फ्रँकोच्या बंडाविरुद्ध यादवी युद्ध चालू होतं आणि तो एका छोट्या डाव्या गटाच्या तुकडीत भरती झाला. मे १९३७ मध्ये शत्रूची गोळी त्याच्या गळ्यातून आरपार गेली. नशिबाने वाचला.

पण पुढे जे झालं ते जास्त भयंकर होतं. ज्या गटासोबत तो लढत होता, त्यालाच सोव्हिएत रशियाच्या प्रभावाखालच्या सरकारने गद्दार ठरवून बंदी घातली. बार्सिलोनात आयलीनच्या हॉटेलच्या खोलीवर पोलिसांची धाड पडली आणि ऑर्वेलच्या डायऱ्या नेल्या. नवरा-बायको कसेबसे सीमा ओलांडून निसटले. घरी येऊन पेपर बघितले, तर ज्या लढाया त्याने डोळ्यांनी पाहिल्या होत्या त्यांचा पत्ता नाही आणि ज्या झाल्याच नव्हत्या त्यांची रसभरीत वर्णनं. कादंबरीतला विन्स्टन गुपचूप डायरी लिहायला घाबरतो आणि ऑफिसात जुने पेपर बदलत बसतो, त्याचं मूळ बरंचसं इथे आहे.

इथली आयडिया म्हणजे एक घटना, तीन बातम्या. पुलाजवळ झालेला ट्रॅफिक जॅम घ्या किंवा एका दिवसाची पाणीकपात. तीच घटना सत्तेतल्यांच्या पेपरला, विरोधकांच्या पेपरला आणि घटनास्थळी न गेलेल्या पेपरला कशी छापून येईल ते लिहा. वर्गात वाचून दाखवा आणि नक्की काय घडलं ते मित्रांना ओळखायला सांगा.

मराठी बातम्या आणि आगाखान पॅलेस

ऑगस्ट १९४१ मध्ये ऑर्वेल बीबीसीच्या ईस्टर्न सर्व्हिसमध्ये नोकरीला लागला. काम काय, तर दुसऱ्या महायुद्धात भारतीयांचं मन ब्रिटनच्या बाजूला ठेवायचं. त्यासाठी कविता, चर्चा, व्याख्यानं आणि दर आठवड्याचा युद्धाचा आढावा. हा आढावा तो इंग्रजीत लिहायचा आणि त्याची भाषांतरं भारतीय भाषांमधून प्रसारित व्हायची. त्यातली एक भाषा मराठी होती.

या विभागात त्याच्यासोबत काम करत होत्या वेणू चितळे, कोल्हापूरकडच्या. १९४२ मधल्या बीबीसीच्या एका प्रसिद्ध फोटोत टी. एस. एलियट, मुल्कराज आनंद आणि ऑर्वेल यांच्यासोबत त्या दिसतात. पुढे भारतात परतल्यावर १९५० मध्ये त्यांची ‘इन ट्रान्झिट’ ही इंग्रजी कादंबरी आली. ती पुण्यातल्या एका कुटुंबाच्या तीन पिढ्यांची गोष्ट आहे.

आता काळ लक्षात घ्या. ऑगस्ट १९४२ मध्ये भारत छोडो आंदोलन सुरू झालं आणि गांधीजींना पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध केलं गेलं. भारताला स्वातंत्र्य मिळायला हवं असं मत असलेला ऑर्वेल त्याच वेळी लंडनमध्ये बसून त्याच ब्रिटिश सरकारच्या बाजूचा आढावा भारतीयांसाठी लिहीत होता. प्रत्येक स्क्रिप्ट सेन्सॉरकडे जायची. शिक्का बसल्याशिवाय ती माईकपर्यंत पोहोचत नसे. हिटलर जिंकू नये म्हणून हे काम करायचं, असं त्याने ठरवलं होतं. पण १९४३ च्या नोव्हेंबरमध्ये तो नोकरी सोडून बाहेर पडला, कारण हे सगळं वाया चाललंय असं त्याला वाटायला लागलं होतं.

कादंबरीतलं सत्य मंत्रालय या अनुभवातूनच आलं. त्याची उंच पांढरी इमारत लंडनच्या सेनेट हाऊसवरून घेतल्याचं मानलं जातं. युद्धकाळात तिथे ब्रिटनचं माहिती मंत्रालय होतं आणि त्याच मंत्रालयाच्या सेन्सॉर विभागात आयलीनने काम केलं होतं. थोडक्यात, नवरा-बायको दोघांनीही ही यंत्रणा आतून बघितली होती.

इथे दोन आयडिया निघतात. पहिली, कादंबरीतल्या जगाचं पाच मिनिटांचं मराठी बातमीपत्र रेकॉर्ड करा आणि सोबत सेन्सॉरने काळी केलेली स्क्रिप्ट लावा. ऐकणाऱ्याला जे ऐकू आलं नाही, ते त्या काळ्या पट्ट्यांत दिसलं पाहिजे.

दुसरी आयडिया भाषेची. कादंबरीतलं सरकार दरवर्षी शब्द कमी करत जातं, म्हणजे बंडाचा विचार करायलाही शब्द उरू नयेत. हे मराठीत करून बघा. ‘वाईट’ काढून टाका, फक्त ‘नचांगलं’ ठेवा. मग ‘नको’, ‘हरकत’, ‘तक्रार’, ‘का’ हे शब्द काढा. आता उरलेल्या मराठीत पाणी येत नाही असं पत्र सोसायटीच्या चेअरमनला लिहून दाखवा. चार ओळींत घाम फुटेल.

आणि हे फक्त लंडनपुरतं नाही. १९७५ ते १९७७ च्या आणीबाणीत आपल्याकडेही वर्तमानपत्रांवर सेन्सॉरशिप होती आणि पुण्याच्या येरवडा तुरुंगात राजकीय कैदी होते. तुमच्या घरात किंवा शेजारी सत्तरीच्या पुढचं कुणी असेल तर त्यांच्याकडे बसा. पेपरात काय यायचं, लोक काय कुजबुजायचे, ते विचारून परवानगीने रेकॉर्ड करा. एखाद्या आजोबांना काहीच त्रास झाला नसेल आणि गाड्या वेळेवर धावायच्या एवढंच आठवत असेल, तर तेही तसंच ठेवा.

मरणाच्या दारात टाईप केलेलं पुस्तक

१९४५ च्या मार्चमध्ये ऑपरेशन चालू असताना आयलीन गेली. दत्तक घेतलेला मुलगा रिचर्ड तेव्हा वर्षाचाही नव्हता. त्याच ऑगस्टमध्ये ‘ॲनिमल फार्म’ आलं. ते आधी अनेक प्रकाशकांनी नाकारलं होतं. त्यात फेबर ही संस्थाही होती, जिथे निर्णय घेणारे होते टी. एस. एलियट.

पैसा आणि नाव आता कुठे मिळायला लागलं होतं. ऑर्वेल मात्र स्कॉटलंडच्या जुरा बेटावर एका एकाकी घरात जाऊन ‘१९८४’ लिहायला बसला. क्षयाने गाठलं. १९४८ मध्ये अमेरिकेतून स्ट्रेप्टोमायसिन हे नवं औषध मागवलं, पण ते त्याला सोसलं नाही. त्वचा सोलवटली, केस गळले आणि औषध थांबवावं लागलं.

हस्तलिखित इतकं खाडाखोडीचं होतं की टायपिस्टला समजावून सांगायला तो समोर असणं गरजेचं होतं. जुरापर्यंत यायला कुणी मिळालं नाही. मग १९४८ च्या शेवटी ताप अंगात असताना, बहुतेक वेळ अंथरुणात बसून, त्याने स्वतःच सगळं पुस्तक टाईप केलं. ८ जून १९४९ ला ते प्रसिद्ध झालं. २१ जानेवारी १९५० ला, वयाच्या ४६ व्या वर्षी, तो लंडनच्या हॉस्पिटलमध्ये गेला. त्याच्या कबरीवर ऑर्वेल हे नाव नाही, फक्त एरिक आर्थर ब्लेअर आहे.

मग प्रोजेक्टचं काय?

कॅमेऱ्यांचा नकाशा करायचा असेल तर जरूर करा. पुलापासून घरापर्यंतचा रस्ता काढा, प्रत्येक कॅमेऱ्याला ठिपका द्या आणि पुढे तो कुणाचा आहे ते लिहा. फक्त लोकांचे फोटो काढू नका, नाहीतर पाळत ठेवणाऱ्यांत तुम्हीच जमा व्हाल.

यातलं काहीही केलंत तरी सोबत एक पान जोडा. त्यावर दोन प्रश्नांची उत्तरं लिहा. यातली कुठली गोष्ट मी स्वतः पाहिली? आणि यात मी स्वतः कुठे सामील होतो? सोसायटीच्या ग्रुपवर न तपासता पुढे ढकललेला मेसेज, सगळे एकाला झोडपत असताना टाकलेली इमोजी, सिक्युरिटीवाल्या काकांना कुणी सुनावत असताना गप्प बसणं, असं काहीही चालेल. ऑर्वेलच्या यादीत पोलिसाची नोकरी होती आणि सेन्सॉरचा शिक्का बसलेल्या स्क्रिप्ट होत्या. त्याने त्या लपवल्या नाहीत.