केवळ मांसावर जगलेला संशोधक

विल्यालमुर स्टेफान्सन यांचा जन्म १८७९ साली कॅनडातील मॅनिटोबा प्रांतात, आइसलँडहून आलेल्या कुटुंबात झाला. पुढे उत्तरेकडील हिमप्रदेशात ते अनेक वर्षे इन्युइट लोकांत राहिले. तेथे धान्य पिकत नाही. मासे व मांस हेच अन्न. ते खाऊन आपण ठणठणीत राहिलो, हे त्यांचे म्हणणे डॉक्टरांना पटेना. तेव्हा १९२८ साली न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात त्यांनी व कार्स्टन अँडरसन यांनी प्रयोग सुरू केला आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली वर्षभर केवळ मांसाहार केला. चरबीविना मांस खाताच स्टेफान्सन आजारी पडले. चरबी मिळताच बरे झाले. स्कर्व्ही झाला नाही. मात्र या आहारात कॅल्शियम फारच कमी होते. शिवाय दोघांच्या अनुभवावरून सर्वांसाठी नियम ठरत नाही. १९६२ साली ते निवर्तले.

भाकरीवर वाढलेल्या माझ्यासारख्याने त्यांचा आहार नव्हे, वृत्ती घ्यावी. शाळेचे तोंडही न पाहिलेल्यांचे ज्ञान त्यांनी खरे मानले आणि स्वतःच्या देहावर तपासून दाखवले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. आजीच्या जुन्या समजुतींना नुसते हसणे किंवा त्या डोळे मिटून मानणे, दोन्ही सोपे. तपासून पाहणे हेच खरे शिक्षण, असे मला वाटते.