अलेक्झांडर लुरिया

अलेक्झांडर रोमानोविच लुरिया (१६ जुलै १९०२, कझान – १४ ऑगस्ट १९७७, मॉस्को) हे सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ आणि वैद्यक होते. मेंदू व मानसिक प्रक्रिया यांचा संबंध तपासणाऱ्या चेतामानसशास्त्राच्या प्रवर्तकांत त्यांची गणना होते. कामाची आखणी करणे, स्वतःला आवरणे, चूक ओळखून सुधारणे या क्षमतांना आज 'कार्यकारी कार्ये' म्हणतात. त्यांच्या अभ्यासाचा पाया घालणाऱ्यांत लुरिया प्रमुख होत.

जीवन

लुरिया यांचे वडील डॉक्टर होते. १९२१ मध्ये कझान विद्यापीठाची पदवी घेतल्यावर ते मॉस्कोच्या मानसशास्त्र संस्थेत रुजू झाले. १९२४ मध्ये लेव्ह व्हिगॉट्स्की यांच्याशी झालेल्या परिचयाने त्यांच्या संशोधनाला दिशा मिळाली. पुढे त्यांनी वैद्यकाचेही शिक्षण घेतले. दुसऱ्या महायुद्धात उरल भागातील रुग्णालयात त्यांनी मेंदूला इजा झालेल्या सैनिकांवर उपचार केले. १९५० च्या दशकाच्या आरंभी, ज्यूविरोधी मोहिमेच्या काळात, त्यांना मेंदूशल्यचिकित्सा संस्थेतील काम सोडावे लागले. त्यानंतर काही वर्षे त्यांनी मुलांच्या मानसिक विकासाचा अभ्यास केला.

संशोधन

कपाळामागील ललाटखंडाला इजा झालेले अनेक रुग्ण नीट बोलत, दिलेली सूचना अचूक म्हणून दाखवत; मात्र तीच सूचना त्यांच्याकडून पाळली जात नसे. कळणे आणि वळणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हे यातून स्पष्ट झाले. लहान मुलांना रबरी फुगा दाबण्याच्या सूचना देऊन केलेल्या प्रयोगांत, कृती सुरू करण्यापेक्षा ती थांबवणे त्यांना अवघड जाते, असे दिसले. वय वाढते तशी मुले भाषेच्या आधाराने स्वतःचे वर्तन नियंत्रित करू लागतात, असे लुरिया यांनी मांडले.

प्रभाव

लुरिया यांनी प्रश्नावली तयार केली नाही. रुग्णाला किती गुण मिळाले यापेक्षा तो कोठे व कसा अडतो, याकडे त्यांचे लक्ष असे. चाचणीच्या शांत खोलीत काम आखून देणारा परीक्षक समोर असतो. त्यामुळे तेथे यशस्वी ठरणारे मूल घरी दप्तर भरताना किंवा वर्गात गृहपाठ पूर्ण करताना अडखळू शकते. ही अडचण टिपण्यासाठी पुढे पालक व शिक्षकांनी भरावयाच्या प्रश्नावल्या तयार झाल्या. २००० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेली 'ब्रीफ' ही ५ ते १८ वर्षांच्या मुलांसाठीची प्रश्नावली त्यांपैकी एक होय. केवळ तिच्या गुणांवरून निदान केले जात नाही. प्रत्यक्ष चाचणी, निरीक्षण आणि मुलाचा पूर्वेतिहास यांचीही जोड द्यावी लागते. अशा तपासणीमुळे आळशी किंवा हट्टी ठरवल्या गेलेल्या मुलाची खरी अडचण समजण्यास मदत होते.