प्रार्थनेचे शब्द जपणारा संगीतकार : पालेस्त्रिना



आगमनकाळ जवळ आला की आपल्या चर्चच्या सभागृहात संध्याकाळी गाण्यांचा सराव सुरू होतो. नोकरीवरून दमून आलेली मुले-मुली, घरचा स्वयंपाक आटोपून आलेल्या भगिनी, दोन-चार ज्येष्ठ मंडळी एकत्र जमतात आणि नाताळची तयारी होते. मिस्सा संपल्यावर आवारात आपण त्यांचे कौतुकही करतो. पण कधीतरी एखादी वयस्कर मावशी हळूच सांगून जाते की चाल गोड होती, मात्र शब्द काही कळले नाहीत.

ही तक्रार आजची नाही. साडेचारशेहून अधिक वर्षांपूर्वी रोममध्ये खुद्द पोप महोदयांनी आपल्या गायकांना हीच गोष्ट सांगितली होती. त्या गायकांमध्ये तिशीतला एक तरुण उभा होता. पुढे त्याच्याच संगीताने या तक्रारीला उत्तर दिले. जोव्हान्नी पिएर्लुइजी दा पालेस्त्रिना हे त्याचे नाव. त्यांच्या जीवनाची ओळख आज आपण करून घेऊ या.

गायकवृंदातला मुलगा

रोमच्या पूर्वेला सुमारे ३५ किलोमीटरवर पालेस्त्रिना नावाचे गाव आहे. तेथे १५२५ च्या सुमारास जोव्हान्नी यांचा जन्म झाला. आपल्याकडे गावावरून आडनाव पडते, तसेच पुढे जग त्यांना त्यांच्या गावाच्या नावाने ओळखू लागले. १५३७ साली रोममधील सांता मारिया माज्जोरे या मरियामातेच्या महामंदिरात गाणाऱ्या मुलांच्या यादीत त्यांचे नाव आढळते. अशा मोठ्या चर्चमधून मुलांना शिक्षण मिळत असे आणि ती उपासनेत गात असत. जोव्हान्नींची खरी शाळा हीच.

१५४४ मध्ये ते आपल्या गावच्या संत आगापितो कॅथेड्रलमध्ये ऑर्गनवादक झाले. सणाच्या दिवशी ऑर्गन वाजवायचा, उपासनेत गायचे आणि मुलांना गाणे शिकवायचे, असे त्यांचे काम होते. १५४७ साली लुक्रेझिया गोरी या मुलीशी त्यांचा विवाह झाला. रोदोल्फो, अँजेलो आणि इजिनियो असे तीन मुलगे त्यांना पुढे झाले.

त्या गावचे बिशप कार्डिनल देल मोन्ते १५५० साली पोप ज्युलियस तिसरे झाले. आपल्या कॅथेड्रलमधला हा गुणी तरुण ते विसरले नाहीत. १५५१ मध्ये त्यांनी जोव्हान्नींना संत पेत्राच्या महामंदिरातील गायकवृंदाची जबाबदारी दिली. तेव्हा आजच्या भव्य महामंदिराचे बांधकाम चालू होते. मायकेलअँजेलो त्या कामावर होते. घुमट पूर्ण व्हायला १५९० साल उजाडले. पालेस्त्रिनांनी तेथे घालवलेली वर्षे अशी बांधकामाच्या सोबतीनेच गेली.

एका वर्षात तीन पोप

१५५५ हे वर्ष पालेस्त्रिनांच्या आयुष्यात कसोटीचे ठरले. जानेवारीत ज्युलियस यांनी त्यांना आपल्या खास गायकवृंदात, म्हणजे सिस्टाइन चॅपेलच्या गायकांत घेतले. तेथे प्रवेशासाठी परीक्षा असे आणि गायक अविवाहित असावा, असा नियम होता. पोप महोदयांच्या आज्ञेने दोन्ही गोष्टी बाजूला ठेवल्या गेल्या. इतर गायकांना विचारलेही गेले नाही.

मार्चमध्ये ज्युलियस वारले. एप्रिलमध्ये मार्सेलस दुसरे हे पोप झाले. काही दिवसांतच गुड फ्रायडे आला. त्या दिवशी मार्सेलस यांनी गायकांना बोलावून घेतले आणि समजावले की प्रभूच्या दुःखसहनाच्या दिवशी आनंदी थाटाचे गायन शोभत नाही, गाणे दिवसाला साजेसे हवे आणि त्यातला शब्द न् शब्द ऐकू यायला व कळायला हवा. हा प्रसंग त्या काळच्या रोजनिशीत नोंदलेला आहे. सुमारे तीन आठवडे पोपपदावर राहून मार्सेलसही वारले.

त्यांच्यानंतर आलेले पोप पॉल चौथे शिस्तीचे कडक होते. सप्टेंबरमध्ये त्यांनी तीन विवाहित गायकांना काढून टाकले. त्यांत पालेस्त्रिना होते. थोडे निवृत्तिवेतन मिळाले, पण घरात पत्नी आणि दोन लहान मुले होती. कामात काही चूक झाली नव्हती. संसारी असणे एवढाच काय तो दोष! नियमाप्रमाणे निर्णय योग्य असेल, पण ज्याच्यावर तो बसतो त्याला किती लागतो, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे.

पालेस्त्रिनांनी चर्चकडे पाठ फिरवली नाही. लवकरच ते संत योहानाच्या लातेरान महामंदिरात संगीतप्रमुख झाले. तेथे पैसा कमी होता आणि गाणाऱ्या मुलांच्या खर्चावरून मतभेद झाल्यावर १५६० मध्ये त्यांनी ते काम सोडले. पुढच्याच वर्षी ते सांता मारिया माज्जोरेत परतले. जेथे लहानपणी गायले, तेथेच आता मुलांना शिकवू लागले. नंतर येशूसंघीयांच्या रोमन सेमिनरीतही त्यांनी संगीत शिकवले. त्यांची मुले तेथेच शिकली.

शब्द हरवले होते

मार्सेलस यांची तक्रार नेमकी काय होती, हे समजून घेण्यासाठी त्या काळचे गायन पाहावे लागेल. चर्चचे जुने ग्रेगोरियन गायन एकसुरी असते. सगळे मिळून एकच चाल गातात. पुढे काही शतकांत अनेक आवाजांचे गायन वाढले. उंच आवाजाची मुले एक चाल गातात, मधल्या आवाजाचे दुसरी, जाड आवाजाचे तिसरी आणि त्या सर्व चाली एकमेकींत गुंफल्या जातात. कानाला ते फार गोड लागते. पण एक गट पहिल्या शब्दावर असताना दुसरा तिसऱ्या शब्दावर पोचलेला असतो. प्रत्येक जण एकेक अक्षर लांबवत असतो. त्या गोंधळात प्रार्थनाच हरवून जाते. शिवाय पुष्कळदा मिस्सेच्या संगीताला आधार म्हणून बाजारातल्या प्रेमगीताची नाहीतर लढाईच्या गाण्याची चाल घेतलेली असे.

१५६२ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने चर्चमधील गायनात काहीही हलके व अपवित्र नसावे, असे ठरवले. त्यानंतर पोप पायस चौथे यांनी नेमलेल्या कार्डिनल मंडळात संत चार्ल्स बोरोमिओ होते. एप्रिल १५६५ मध्ये कार्डिनल व्हितेल्ली यांच्या घरी पोप महोदयांचे गायक जमले, काही मिस्सा गायल्या गेल्या आणि शब्द कळतात की नाही, याची परीक्षा झाली.

येथे एक गोष्ट पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. परिषद अनेक आवाजांचे गायन बंदच करणार होती, तेवढ्यात पालेस्त्रिनांनी एक मिस्सा रचून ऐकवली आणि चर्चचे संगीत वाचले, अशी ती गोष्ट. आम्हीही ती लहानपणी ऐकली आहे. परंतु अभ्यासकांना तिला पुरावा मिळालेला नाही. परिषदेने असे गायन बंद केले नव्हते आणि त्या परीक्षेत नेमके काय गायले गेले, याची नोंद नाही.

जे खरे आहे, तेही काही कमी नाही. १५६७ साली पालेस्त्रिनांनी एक मिस्सा छापली आणि तिला नाव दिले पोप मार्सेलस यांचे. फक्त तीन आठवडे राहिलेल्या, गुड फ्रायडेला शब्दांसाठी कळकळ दाखवणाऱ्या पोपचे! ती सहा आवाजांची आहे. ग्लोरिया आणि क्रेदो, म्हणजे गौरवगान आणि विश्वासांगीकार, या लांब प्रार्थनांत बहुतेक आवाज एकाच वेळी एकच शब्द उच्चारतात. एका अक्षराला साधारण एकच सूर. त्यामुळे शब्द स्वच्छ ऐकू येतो. जेथे शब्द थोडे असतात, तेथे आवाज पुन्हा मोकळेपणी एकमेकांत मिसळतात. चाल पायरी-पायरीने चढते आणि उतरते. मोठी उडी घेतली तर लगेच मागे वळून ती जागा भरून काढते. म्हणून ते गायन ऐकताना मन शांत होते.

दुःखाची वर्षे

१५७१ मध्ये पालेस्त्रिना संत पेत्राच्या महामंदिरात परत आले आणि मरेपर्यंत तेथेच राहिले. नाव झाले, मान मिळाला. पण त्याच वर्षांत घरावर आघातांमागून आघात झाले. रोममध्ये रोगांच्या साथी येत होत्या. १५७२ मध्ये थोरला मुलगा रोदोल्फो गेला. १५७३ मध्ये भाऊ सिल्ला गेला. १५७५ मध्ये अँजेलो गेला. १५८० मध्ये पत्नी लुक्रेझियाही गेली. तेहेतीस वर्षांचा संसार! मागे राहिला एकटा इजिनियो.

एवढ्या दुःखाने खचलेल्या पालेस्त्रिनांनी धर्मगुरू होण्याचे ठरवले. त्या वाटेवरचा पहिला विधीही झाला. पण १५८१ च्या मार्चमध्ये त्यांनी वर्जिनिया दोर्मोली या विधवेशी विवाह केला. तिच्या पहिल्या पतीचा कातडी-लोकरीच्या उंची वस्त्रांचा व्यापार होता. पालेस्त्रिनांनी त्या धंद्यातही लक्ष घातले आणि तो नीट चालवला. काहींना हे विचित्र वाटेल. परंतु या व्यापारामुळेच संगीताची पुस्तके छापण्याची त्यांना सोय झाली. शेवटच्या तेरा वर्षांत त्यांची पुस्तके एकामागून एक बाहेर पडली.

उपासनेच्या वर्षाची गाणी

या पुस्तकांकडे पाहिले की एक गोष्ट ध्यानात येते. त्यांना एखाद्या मोठ्या समारंभापुरते लिहायचे नव्हते. १५८८ मध्ये पवित्र आठवड्यासाठी विलापगीते, १५८९ मध्ये संपूर्ण वर्षाची स्तोत्रे, १५९१ मध्ये सायंप्रार्थनेसाठी मरियेची स्तोत्रे आणि १५९३ मध्ये वर्षभराच्या मिस्सांसाठी ६८ अर्पणगीते. आगमनकाळापासून सुरुवात करून उपवासकाळ, पुनरुत्थान आणि सामान्य रविवार, कोणताही दिवस सुना राहू नये, अशी ही व्यवस्था होती. नाताळसाठी, गुड फ्रायडेच्या क्रुसाच्या आराधनेसाठी, क्रुसाखाली उभ्या असलेल्या दुःखी मातेसाठी त्यांनी रचना केल्या. हरिणी पाण्यासाठी व्याकूळ होते तसा जीव देवासाठी व्याकूळ होतो, या ४२ व्या स्तोत्राला त्यांनी दिलेली चाल पवित्र शनिवारच्या विधीसाठी होती आणि आजही जगभरचे गायकवृंद ती गातात. शंभराहून अधिक मिस्सा आणि तीनशेहून अधिक लहान पवित्र गीते त्यांच्या नावावर आहेत.

२ फेब्रुवारी १५९४ रोजी, प्रभूच्या मंदिरातील समर्पणाच्या सणादिवशी, पालेस्त्रिनांनी देह ठेवला. रोमचे संगीतकार अंत्यविधीला जमले. शवपेटीवरील पट्टीवर त्यांना संगीताचा राजा म्हटले होते. संत पेत्राच्या महामंदिरात त्यांना पुरले. पण पुढच्या बांधकामात ती कबर झाकली गेली आणि तिचा ठिकाणा आज कोणालाही सांगता येत नाही. कबर हरवली, गाणे मात्र राहिले!

आपल्यासाठी

१९०३ साली पोप संत पायस दहावे यांनी चर्चसंगीताविषयी आदेश काढला, तेव्हा पालेस्त्रिनांच्या संगीताला गौरवाचे स्थान दिले. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषेला वाट मोकळी केली, लोकांच्या सक्रिय सहभागावर भर दिला आणि गायकवृंद जोपासण्यासही सांगितले. २०२५ मध्ये पालेस्त्रिनांच्या जन्माची ५०० वर्षे साजरी झाली.

आपला त्यांच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. १५७५ साली, पालेस्त्रिना संत पेत्राच्या महामंदिरात गायन घेत असताना, त्याच रोममध्ये एका इंग्रज तरुणाने येशूसंघात प्रवेश केला. तो १५७९ मध्ये गोव्यात आला. तेच आपले फादर थॉमस स्टीफन्स. १६१६ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ मराठी ओवीत आहे. तारणाची कथा येथल्या लोकांच्या कानात आणि मनात शिरावी, म्हणून त्यांनी येथल्या लोकांचीच भाषा आणि येथलाच छंद घेतला. एकाने लॅटिन शब्द स्पष्ट केले, दुसऱ्याने प्रभूचा शब्द मराठीत आणला. दोघांची कळकळ एकच होती.

आपल्या गायकवृंदात सहा आवाजांचे गायन नसेल. पेटी, तबला, की-बोर्ड आणि दहा-पंधरा गळे एवढेच आपले भांडवल. परंतु शब्द स्पष्ट उच्चारणे, त्या दिवसाच्या उपासनेला साजेसे गीत निवडणे, वाद्यांचा आवाज गाण्याच्या वर न जाऊ देणे, हे आपल्या हातात आहे. आणि आपण बाकांवर बसलेल्यांनी? मावशींना शब्द कळले, तर त्यांनाही गाता येईल. गायकवृंद आपल्या वतीने गात नाही, आपल्याला गायला लावतो, हे आपण विसरू नये.

नोकरी गमावलेला, मुलांना माती दिलेला, दुकान सांभाळणारा हा संसारी माणूस दर रविवारी गायनासाठी उभा राहिला. येत्या सरावाला आपले गायक दमूनभागून सभागृहात शिरतील, तेव्हा पालेस्त्रिनांची आठवण ठेवू या आणि आपल्या गायकांसाठी एक प्रार्थना करू या.