वाघीण आठ फुटांवर आणि एका हातात अंडी : जिम कॉर्बेटनं ती हलकी रायफल शेवटपर्यंत का सोडली नाही?

जिम कॉर्बेट म्हटलं की नरभक्षक वाघ, कुमाऊंचं जंगल आणि खांद्यावर बंदूक घेतलेला शिकारी डोळ्यांसमोर येतो. पण वाघ मारायला भलीमोठी, हत्ती लोळवणारी बंदूक लागते असं जर तुम्हाला वाटत असेल, तर इथेच गोष्ट वेगळी आहे.

कॉर्बेटच्या नावाशी जी रायफल कायमची जोडली गेली, ती त्या काळच्या शिकाऱ्यांच्या हिशोबानं अगदीच हलकी होती.

जिमचा जन्म २५ जुलै १८७५ चा, नैनितालचा. वडील तिथले पोस्टमास्तर. जिम सहा वर्षांचाही झाला नव्हता तेव्हा ते गेले. घर मोठं, पैसा बेताचा. हिवाळ्यात सगळं कुटुंब खाली काळाढुंगीला राहायचं आणि तिथलं जंगल हीच या पोराची शाळा.

आधी गलोल, मग धनुष्य, मग एक ठासणीची जुनी दुनळी बंदूक. तिची एक नळी फुटलेली आणि दस्ता तारेनं बांधलेला. दारूगोळा मोजका, त्यामुळे एकही बार फुकट घालवायचा नाही ही सवय तेव्हाच लागली. पुढे शाळेच्या कॅडेट तुकडीची मार्टिनी रायफल त्याला वापरायला मिळाली आणि तिनंच त्यानं पहिला बिबट्या मारला.

मोठा झाल्यावर त्यानं रेल्वेत नोकरी धरली. बिहारमधल्या मोकामा घाटावर मालाच्या चढउताराचं कंत्राट घेऊन तो वीसेक वर्षं राबला. शिकार हा त्याचा पोटापाण्याचा धंदा कधीच नव्हता.

मग आलं १९०७ साल.

चंपावतच्या वाघिणीनं आधी नेपाळात आणि मग कुमाऊंत मिळून ४३६ माणसं मारल्याची नोंद होती. सरकारनं कॉर्बेटला बोलावलं. त्यानं दोन अटी घातल्या. वाघिणीवरचं बक्षीस रद्द करा आणि बाकीच्या शिकाऱ्यांना माघारी बोलवा. बक्षिसासाठी मारणारा म्हणवून घ्यायचं नव्हतं आणि दुसऱ्याच्या गोळीनं मरायचंही नव्हतं.

शेवटच्या दिवशी त्याच्याकडे जड दुनळी रायफल होती, पण काडतुसं फक्त तीन. तिन्ही संपली, वाघीण जखमी होऊन समोर उभी. कॉर्बेट धावत गेला आणि तहसीलदाराची बंदूक घेऊन आला. ती इतकी खिळखिळी होती की नळी आणि मागचा भाग यांत फट पडलेली. नेम धरला वाघिणीच्या उघड्या जबड्यावर, गोळी लागली पंजाला. वाघीण आधीच्या जखमांनी कोसळत होती म्हणून निभावलं.

पुढे जे दिसलं ते जास्त महत्त्वाचं होतं. वाघिणीच्या उजव्या बाजूचे वरचे-खालचे सुळे तुटलेले होते आणि ते कुणाच्या तरी जुन्या गोळीनं तुटले होते. नेहमीची शिकार धरता येईना म्हणून ती माणसांकडे वळली, असा कॉर्बेटचा निष्कर्ष होता.

म्हणजे कुणीतरी एक गोळी चुकीच्या जागी मारली आणि त्याची किंमत शेकडो गावकऱ्यांनी मोजली. शिकारीची बंदूक निवडताना ताकदीआधी अचूकपणा का बघायचा, याचं याहून मोठं उदाहरण सापडणार नाही.

या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन हेवेट यांनी कॉर्बेटला एक रायफल भेट दिली. लंडनच्या जॉन रिग्बी कंपनीची .२७५. दस्त्यावर चांदीची पट्टी आणि तिच्यावर चंपावतचा उल्लेख.

आता हे .२७५ प्रकरण काय आहे, ते समजून घ्या.

ही बोल्ट अ‍ॅक्शन रायफल. दाराची कडी जशी उचलून मागे ओढतो आणि पुन्हा पुढे सारून बसवतो, तसाच हिचा बोल्ट चालतो. मागे ओढला की रिकामं काडतूस बाहेर, पुढे ढकलला की नवं आत. मॅगझिनमध्ये पाच काडतुसं. ही यंत्रणा जर्मनीतल्या ओबर्नडॉर्फच्या माउझर कारखान्याची. तिच्यावर रिग्बी आपली रायफल बांधायची.

काडतूसही माउझरचंच, ७ मिलिमीटरचं. बोअर युद्धात याच काडतुसानं इंग्रज फौजेला लांबून हैराण केलं होतं. गोळी बारीक, जेमतेम नऊ ग्रॅमची, पण वेगवान. त्यामुळे ती लांबवर सरळ जाते. डोंगराळ मुलुखात दरीपलीकडच्या जनावराचं अंतर नीट कळत नाही, तिथे हा गुण फार उपयोगी. शिवाय धक्का कमी. धक्का कमी असला की माणूस चाप ओढताना बिचकत नाही.

तोटाही होता. झुडपातून अंगावर येणारा वाघ जागीच थोपवायला जड गोळी बरी. म्हणून कॉर्बेटकडे .४५०/४०० ची दुनळी रायफलही होती आणि कामाप्रमाणे तो बंदूक निवडायचा.

पण हलक्या रायफलीची खरी परीक्षा झाली ११ एप्रिल १९३० ला.

चौगढच्या वाघिणीनं ६४ माणसं मारली होती. तिच्या मागावर असताना कॉर्बेटला रातवा पक्ष्याची दोन अंडी सापडली. त्याला अंडी जमवायचा नाद. ती डाव्या हातात जपून धरून तो एका मोठ्या खडकाला वळसा घालून गेला, मागे पाहिलं, तर वाघीण आठ फुटांवर बसलेली.

झटका दिला असता तर तिनं झेप घेतली असती. त्यानं एकाच हातानं रायफल अगदी सावकाश फिरवत आणली आणि गोळी झाडली. हातात रिग्बी होती. पाच किलोची दुनळी असती, तर ती एका हातानं तशी फिरवणं जवळपास अशक्यच. लांब पल्ल्याची म्हणून नावाजलेली रायफल कामाला आली ती आठ फुटांवर, आणि तीही हलकी म्हणून.

१९३८ साली ठाकच्या वाघिणीनंतर त्यानं नरभक्षकांची शिकार थांबवली. तोवर त्याच्या हातात कॅमेरा आला होता. शौकाची शिकार त्यानंही केली होती, पण आता जंगल वाचवा म्हणून तो बोलत होता. १९३६ साली झालेल्या हेली नॅशनल पार्कमागे त्याचाही हात होता. त्यालाच पुढे कॉर्बेटचं नाव मिळालं.

आणि या माणसाला जगभर पोहोचवलं ते आपल्या मुंबईनं. एप्रिल १९४४ मध्ये गोदीतल्या स्फोटानं काळाचौकी-लालबागपर्यंतची मुंबई हादरली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या मुंबई शाखेनं कुमाऊंच्या नरभक्षकांवरचं त्याचं पुस्तक काढलं. ते जगभर गाजलं.

१९४७ च्या अखेरीस तो बहिणीसोबत केनियाला गेला आणि १९ एप्रिल १९५५ ला तिथेच वारला. रायफल गेली त्याच्या प्रकाशकांकडे, म्हणजे ऑक्सफर्डकडे. २०१५ साली रिग्बी कंपनीनं ती परत विकत घेतली आणि २०१६ साली ती काही दिवसांसाठी कुमाऊंतही येऊन गेली.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं वाघाची शिकार बंद झाली. आजही एखादा वाघ नरभक्षक ठरला तर वनखातं आधी त्याला बेशुद्ध करून पकडायचा प्रयत्न करतं. बंदूक तिथेही लागते, फक्त तिच्यात गोळीऐवजी भुलीचं इंजेक्शन असतं. ते नेमक्या जागी लागावं लागतं, ही अट मात्र कॉर्बेटच्या काळात होती तशीच आहे.