उदगीरचा विजेता आणि गिदोनाचे तीनशे

नांदेड व लातूर जिल्ह्यांतील आपल्या ख्रिस्ती बांधवांना उदगीरचा किल्ला परिचयाचा आहे. याच परिसरात १७६० च्या फेब्रुवारीत सदाशिवराव भाऊंनी निजामाचा पराभव केला. अकरा महिन्यांनी ते पानिपतावर धारातीर्थी पडले. जुन्या करारातील गिदोनाची कथा वाचताना आम्हांस भाऊंचे चरित्र हटकून आठवते.

भाऊंचा जन्म १७३० चा. वसईकरांना १७३९ च्या मोहिमेमुळे ठाऊक असलेले चिमाजी अप्पा हे त्यांचे वडील. आई तान्हेपणी गेली, दहाव्या वर्षी वडीलही गेले. आजी राधाबाईंनी सांभाळ केला. सोळाव्या वर्षी कर्नाटकाची स्वारी केली. पुढे पुण्याचा कारभार पाहताना हिशेबातील कडक शिस्तीबद्दल त्यांचे नाव झाले.

उदगीरच्या मोहिमेत त्यांची दूरदृष्टी दिसते. फ्रेंच सेनानी बुसीच्या तालमीत तयार झालेल्या इब्राहिमखान गारद्याला त्यांनी तोफा व कवायती पायदळासह आपल्याकडे घेतले होते. निजामाची फौज धारूरकडे सरकू पाहत असता मराठी स्वारांनी तिची कोंडी केली आणि ३ फेब्रुवारीस तिचा मोड झाला. सुमारे ६० लाखांचा मुलूख आणि दौलताबादसारखा किल्ला मिळाला. मुलूख ओळखीचा, रसद हाताशी, फौज चपळ!

गिदोनाचे बळ मात्र याहून निराळे. मिद्यान्यांच्या भयाने द्राक्षकुंडात लपून गहू झोडणारा हा मनुष्य. भ्यालेल्यांना परतण्याची मुभा देताच त्याच्या ३२,००० पैकी २२,००० निघून गेले. पाण्यावरच्या पारखीनंतर अवघे ३०० उरले. विजय आपल्याच हाताने मिळाला असा गर्व इस्राएलाने करू नये, हे त्यामागील कारण शास्त्र स्पष्ट सांगते. मग मडकी, मशाली व रणशिंगे घेऊन शंभरांच्या तीन टोळ्यांनी रात्री छावणीला वेढा दिला, आणि गोंधळलेले शत्रू एकमेकांवरच तुटून पडले.

भाऊ मार्च १७६० मध्ये परतूरहून उत्तरेकडे निघाले तेव्हा फौजेबरोबर कुटुंबे, यात्रेकरू आणि अवजड तोफा होत्या. हा पसारा मागे ठेवावा, असे मल्हारराव होळकर व सूरजमल जाट यांचे मत होते. ते मानले गेले नाही; सूरजमल दिल्लीहून परत फिरला. रुसलेल्या एफ्राइमांना गिदोनाने नम्र शब्दांनी शांत केले होते, हे येथे आठवावे. ऑक्टोबरात अब्दालीने यमुना ओलांडून दिल्लीची वाट रोखली. पानिपतावर दोन-अडीच महिने कोंडलेल्या छावणीत धान्य संपले.

अर्थात भाऊंना सरसकट दोष देणे आम्हांस अन्यायाचे वाटते. परमुलखात कुटुंबे ठेवायची तर कोणाच्या भरवशावर? शिवाय गिदोनही विजयानंतर घसरलाच: राजपद त्याने नाकारले खरे, पण लुटीतील सोन्याचे एफोद घडविले आणि तेच त्याच्या घराण्याला पाश झाले.

१४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासराव पडताच भाऊ गर्दीत शिरले, ते पुन्हा दिसले नाहीत. तेव्हा ते तीस वर्षांचे होते. पत्नी पार्वतीबाई रणातून वाचून पुण्यास परतल्या. पती गेल्याचे त्यांनी अखेरपर्यंत मानले नाही. पुढे भाऊ म्हणवणारा एक तोतयाही उभा राहिला.