प्रेमचंदांची चिठ्ठी

विठ्ठलवाडी-बदलापूरमार्गे जाणारा लोहमार्ग १८६३ साली भोर घाट चढून गेला आणि दख्खनचा कापूस थेट रेल्वेने मुंबई बंदरात येऊ लागला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्या तेव्हा कापसाविना अडल्या होत्या. त्या तेजीच्या पैशातून मुंबईला सट्ट्याचा ज्वर चढला. त्याचे सूत्रधार होते शेअर दलाल प्रेमचंद रायचंद.

१८३१ साली सुरतेत जन्मलेले प्रेमचंद तिशीतच बाजाराचे अनभिषिक्त राजे झाले. बँक ऑफ बॉम्बेचे ते संचालक होते. १८६३च्या कायद्याने या बँकेला शेअरच्या तारणावर कर्ज देण्याची मोकळीक मिळाली. मंडळावर सरकारनियुक्त संचालकही होते. पण कर्ज कुणाला द्यायचे, हे बहुधा प्रेमचंदांच्या शब्दावर ठरे. त्यांची चिठ्ठी आली की तारणाची फारशी चौकशी होत नसे. दोष एकट्या प्रेमचंदांना देणे सोपे आहे. नकार देण्याचा अधिकार ज्यांना होता, त्यांनी तो वापरला नाही. पाच हजारांचा बॅकबे कंपनीचा शेअर पन्नास हजारांवर गेला असताना नाही म्हणणार कोण?

१८६५ मध्ये युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले. १ जुलैला वायद्यांची मुदत भरली आणि पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या. प्रेमचंदांचेही दिवाळे निघाले. भांडवल गमावलेली बँक १८६८ मध्ये गुंडाळावी लागली. चौकशी आयोग बसला.

प्रेमचंद पुन्हा व्यापारात उभे राहिले. १९०६ मध्ये त्यांचे निधन झाले. तेजीच्या काळात त्यांनी विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून आईच्या नावाचा राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला. तोवर ती बँक बुडून दहा वर्षे लोटली होती.